गाईचा कडू घास

आमच्या संस्थेच्या कपाटात वरच्या कप्प्यात वाघ होते आणि खालच्या कप्प्यात बेसन.

वरचा कप्पा देणगीदारांना दाखवायचा. त्यात पाणवठ्यावर बसलेल्या वाघिणीचे फोटो, गुळगुळीत कागदाचे अहवाल, वाघाच्या पंजाचं चित्र असलेली कॅलेंडरं. खालच्या कप्प्याचं दार मात्र पाहुणे आले की मी पायानं हळूच लोटून द्यायचे. तिथं बेसनाची बरणी, ज्वारीच्या पिठाचा डबा, तेलाची बाटली, कांदे, मिरच्या आणि चार पुडांचा स्टीलचा डबा असा सुमनताई मेश्रामांचा संसार मांडलेला असायचा. शेजारी एक बुटकी गॅसची शेगडी.

"नंदा, दार उघडं ठेव वं," सुमनताई पाहुण्यांदेखत म्हणायच्या. "वाघाले लाज नाही वाटत, त बेसनाले कायले वाटन?"

आमची संस्था म्हणजे शहराच्या कडेला हुडकेश्वरला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जंगलासाठी आणि जंगलाला खेटून असलेल्या गावांसाठी देणग्या मिळवायच्या आणि त्या दोन्हीकडे पोचवायच्या, हे आमचं काम. देणगीदारांना पत्रं लिहिणं माझ्याकडे होतं आणि त्यात मी तरबेज झाले होते. वाघाचं नाव घेतलं की माणसं हात सैल सोडतात. त्याच वाघानं ज्याची गाय नेली त्याचं नाव घेतलं की तीच माणसं म्हणतात, "ते सरकार बघेल ना." सरकार बघतंही. पण पंचनामा, सह्या, खातं-क्रमांक असं करत भरपाई येईपर्यंत घरातल्या माणसाचा राग मुरतो. त्या मधल्या दिवसांत हातभार लावायचा, तोही त्याच दिवशी, ही सुमनताईंची जबाबदारी.

त्या आमच्याकडे आल्या त्या निवृत्त होऊन. त्याआधी सगळी नोकरी त्यांनी विम्याच्या कचेरीत दावे निकाली काढण्यात घालवली होती. "मले माणसं मेल्यावरच भेटली," असं त्या हसत सांगायच्या, आणि नवीन माणूस दचकला की त्यांना आणखी आनंद व्हायचा. बुटक्या, सावळ्या, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या लग्नालाही घालून जायच्या. पर्समध्ये कधी पावडर-कंगवा दिसला नाही. सुपारी, गुडघ्याचं मलम आणि जादा मोज्यांची जोडी मात्र हमखास असे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला चहाऐवजी ताक दिलं आणि वर ऐकवलं, "चहा पिऊन पिऊनच तू अशी वाळून राहिली."

गावात जायची त्यांची एक रीत होती. वनरक्षकाचा फोन आला, अमक्याची गाय गेली, की त्या आधी शेगडी पेटवायच्या. जीप खाली भोंगा वाजवत असायची आणि या निवांत पिठलं घोटत उभ्या. मग भाकऱ्या थापायच्या, फडक्यात गुंडाळायच्या, डबा भरायचा आणि मगच जिना उतरायचा.

आमच्याकडे ज्या घरात मयत होते त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठलं-भाकरी करून नेतात, त्याला कडू घास म्हणतात. खाणाऱ्याला भूक नसते, पण नाही म्हणता येत नाही. सुमनताई हा कडू घास गाईसाठी न्यायच्या, बैलासाठी, म्हशीसाठी, एकदा तर बकरीसाठीसुद्धा.

मी नवीन असताना विचारलं होतं, "ताई, माणूस थोडीच मेलंय?"

"त्याच्या घरी चूल पेटली काय, ते पाह्य आधी," त्या म्हणाल्या. "नाही पेटली, त माणूसच मेलं समज."

त्यांच्या पिठल्यात मीठ कमी असायचं. मी एकदा चाखून तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "रडणाऱ्याच्या तोंडात असते ते वरून." मला वाटलं, मीठ विसरल्याची ही सबब आहे. पण त्या घरी करत त्या पिठल्यात मीठ चांगलं ठणठणीत असे, हे मी नंतर स्वतः जेवून पाहिलं.

सावनेर मागे टाकून आत वळलं की जंगलाच्या कडेला सालईखेडा लागतं. तिथल्या रामदासचा बैल वाघिणीनं मारला, तेव्हा मी पहिल्यांदा ताईंबरोबर गेले. वाघीण पिल्लांची होती. अशी वाघीण मारलेल्या जनावराजवळ दोनतीन दिवस येत राहते, पिल्लांना आणते. तेवढ्यात कुणी त्या मढ्यावर विष टाकलं तर आई आणि पिल्लं, सगळंच कुटुंब जातं. आदल्या वर्षी नाल्यात एक वाघीण तशी मेलेली सापडली होती. ताईंनी ती पाहिली होती. त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायच्या.

रामदास अंगणात बाजेवर बसला होता. जोडीतला एक बैल गेला की उरलेलाही निकामी, आणि पेरणी तोंडावर आलेली. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. "ठेवा तुमचे पैसे तठी," तो म्हणाला. सुमनताईंनी पैशाचा विषयच काढला नाही. दुखवट्याला बसतात तशा त्या उंबऱ्यापाशी खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, पण बसल्या. मी तर इकडचा पाय तिकडे करत होते.

मग ताईंनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"जनावराले कायचं नाव?"

"हाका मारत असशीन ना, गा."

रामदासनं तोंड फिरवलं. तिकडंच बघत म्हणाला, "कबऱ्या." आणि मग थांबेचना. कबऱ्या त्याच्याच गोठ्यात झाला होता, लहानपणी ओसरीवर येऊन कुटार सोडून भात खायचा, डाव्या बाजूनंच जुंपून घ्यायचा, उजवीकडे लावला की खाली बसायचा. ताई मधूनमधून "मंग?" एवढंच म्हणत होत्या. विम्याच्या कचेरीत त्या याच पद्धतीनं काम करत असतील, तर ती कचेरी कशी चालली असेल कोण जाणे.

डबा उघडला तेव्हा रामदासनं हात पुढे केला नाही. त्याचं कारण आम्हा दोघींनाही कळलं. सुमनताईंच्या आजीनं दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेली, आणि मेश्राम हे आडनाव ऐकल्यावर काही घरांत डब्याला हात लागायचा नाही. मला राग आला. ताईंना आला की नाही ते दिसलं नाही. त्यांनी डबा पुन्हा झाकला, उंबऱ्याच्या आत सरकवला आणि म्हणाल्या, "नाही खाल्लं त झाकून ठेव बाप्पा. भूक लागली का जात आठवत नाही."

रामदासच्या बायकोनं तो आमच्यासमोरच आत ओढून घेतला.

निघताना ताई बाजेजवळ थांबल्या. थिमेटचा, पिकावरच्या त्या विषाचा, वास लपत नाही; शेतकऱ्याच्या घरात तो नवा नसतो, पण बाजेखाली त्याचं काय काम? ताई अगदी सहज म्हणाल्या, "रामदास, ते खालचं पुडकं मले देऊन टाक गा. माया घरी मुंग्या लय झाल्या."

ताई उभ्याच. गुडघा दुखत असताना त्या इतका वेळ उभ्या राहिलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. शेवटी त्यानं वाकून पुडकं काढलं आणि त्यांच्या पिशवीत टाकलं. "मुंग्यायले एवढं नाही लागत, बाई," तो म्हणाला. "मोठ्या हायेत," ताई म्हणाल्या.

ते पुडकं वाटेतच वनरक्षकाच्या हवाली झालं. पुढं गावोगावी ताईंच्या घरच्या मुंग्यांसाठी असं बरंच औषध जमा झालं. त्यांच्या इंदोऱ्याच्या घरात मुंगी औषधालाही नव्हती.

हे सगळं ज्यांच्या पैशावर चाललं होतं, त्या मुंबईच्या कंपनीचे दीक्षित साहेब एकदा काम पाहायला आले. गोरे, उंच, स्वभावानं भले, पण खर्चाचं प्रत्येक कलम चिमटीत धरून उजेडात बघायची सवय. 'भोजन व भेटी' या कलमापाशी ते थबकले.

"हे काय आहे? वाघाच्या पैशात जेवण?"

मी इंग्रजी शब्दांची जुळवाजुळव करत होते. ताई खालच्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, वाघ लोकायच्या घरी जेवून राहिला ना? मंग आपल्याले परत जेवू घालाले नको?"

साहेब हसले, पण कलमावर पेन्सिलीनं गोल काढलाच. ते म्हणाले, कॅमेरे समजतात, पाणवठे समजतात, भरपाईसुद्धा समजते. डबा समजत नाही. आणि नेमका तेव्हाच वनरक्षकाचा फोन आला. सालईखेड्यातच, सुभद्राबाईची गाय.

सुभद्राबाई एकटी राहायची. मुलगा कामठीला पॉवरलूमवर होता. गाईचं दूध गावातल्या चहावाल्याला द्यायचं, त्यावर तिचं चालायचं. ताईंनी शेगडी पेटवली आणि साहेबांना सांगितलं, "चला. समजत नाही म्हणता, त पाहून घ्या."

साहेब आले. वाटेत त्यांनी जीप थांबवायला लावली, एका दुकानात शिरले आणि हातात खोकं घेऊन परत आले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, हे त्यांना आईनं शिकवलेलं असणार. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं आणि ताई पुढं बसल्या होत्या, त्यामुळे खोक्यात काय आहे हे दोघींनीही पाहिलं नाही.

सुभद्राबाई दाराशी बसली होती. साहेब अदबीनं वाकले आणि त्यांनी खोकं तिच्या हातात दिलं. तिनं झाकण उघडलं. आत संत्रा बर्फी. पहिल्या प्रतीची, चांदीच्या वर्खाची.

दुखवट्याच्या घरी मिठाई! आसपास जमलेल्या बाया खोक्यात डोकावून मागे सरल्या. साहेबांना चुकलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना. ते ताईंकडे बघू लागले. ताईंनी एक पाऊल पुढं टाकलं, पण त्याआधी सुभद्राबाईच बोलली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेरवीले कामी येईन."

आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. मग बाकीच्या बायाही हसल्या आणि हसता हसता सुभद्राबाईला रडू फुटलं. ताईंनी डबा उघडून पहिला घास तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला, विनाकुरकुर. दुसऱ्या घासाला तिनं साहेबांना बसायची खूण केली. साहेब पँट सावरत मांडी घालून बसले आणि पिठलं-भाकरी जेवले. कुणी त्यांचा फोटो काढला नाही. मी काढणार होते, ताईंनी डोळे वटारले.

परतताना साहेब म्हणाले, "वाघीण काही दिसली नाही."

"तिचं जेवण चालू हाय," ताई म्हणाल्या. "जेवताना कोणाकडं पाहत बसू नये."

जाण्याआधी साहेबांनी तो पेन्सिलीचा गोल स्वतः खोडला. पण एक अट घातली, आणि ती वाजवी होती. मदतीचा निधी आता गावाच्या समितीकडे द्यायचा. पैसा आणि डबा दोन्ही गावानं पोचवायचं. कंपनी काही वर्षं बघेल. जमलं तर निधी कायमचा गावाचा, नाही जमलं तर बंद. "सुमनताई, तुम्ही किती दिवस डबे वाहणार?" त्यांनी विचारलं.

ताई त्या दिवशी गुडघ्याला मलम चोळत बसल्या. मला म्हणाल्या, "माणूस बर्फीत चुकला, पण हे बरोबर बोलला." मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. डबा बंद पडला की पुढं काय सापडतं, हे त्यांना नाल्यात दिसलं होतं.

समिती झाली. अध्यक्ष कोण, तर रामदास. ताईंनीच आग्रह धरला. "ज्याच्या बाजेखाली पुडकं होतं, त्याले दुसऱ्याच्या बाजेखालचं आधी दिसन," हे त्यांचं म्हणणं.

समितीच्या हाती निधी आल्यावर पहिल्यांदा एका घरची म्हैस गेली. वनरक्षकाचा फोन आम्हालाही आला, पण ताई हटून बसल्या. "समिती हाय ना आता." दुपार झाली, संध्याकाळ झाली. त्या दर थोड्या वेळानं खालच्या कप्प्याकडे बघायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना राहवेना. डबा भरला आणि आम्ही निघालो.

गावाच्या तोंडाशीच फ्लेक्स लागला होता. भला मोठा. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' म्हशीचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून सावनेरच्या फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या अकलेनं एक काळीपांढरी विलायती गाय छापली होती. तिच्या गळ्यात हार. खाली समितीच्या सगळ्या सभासदांचे हात जोडलेले फोटो, मधोमध अध्यक्ष रामदास, गॉगल लावून. 'शोकाकुल: समस्त समिती.'

मला हसू आवरेना. ताईंना हसू येत नव्हतं.

"रामदास, त्या घरची चूल पेटली काय काल?"

"नाही बाई. आम्ही फ्लेक्सची वाट पाहत होतो ना. तो आल्याबिगर कसं जाणार? समितीची इज्जत हाय."

"अन् पैसे?"

"तेबी फ्लेक्ससंगंच देणार होतो. फोटो काढाचा होता."

सुमनताई रागावल्या की आवाज खाली उतरायचा. त्या दिवशी तो इतका उतरला की ऐकायला रामदासला जवळ यावं लागलं. "घरात लेकरं उपाशी, अन् तू म्हशीले गॉगल दाखवून राहिला?" एवढंच त्या म्हणाल्या. मग स्वतः डबा घेऊन त्या घरी गेल्या. नशीब, त्या घरात पुडकं नव्हतं. निघताना त्यांनी फ्लेक्स काढायला लावला आणि म्हशीच्या मालकाच्या गळक्या गोठ्यावर बांधून घेतला.

"त्याच्यावर माया फोटो हाय बाई," रामदास कळवळून म्हणाला.

"मंग चांगलं हाय. ढोरं तुले रोज पाहतीन."

त्या महिन्याच्या अहवालात मी 'समुदायाचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहिलं. खोटं नव्हतं.

पण ताई मिटल्यासारख्या झाल्या. "पैसा देता येते नंदा, घास देता येत नाही," असं काहीतरी पुटपुटायच्या. रामदासला मात्र त्यांनी अध्यक्षपदावरून काढू दिलं नाही. पुढच्या दोनेक वेळा त्या गेल्या, पण डबा न घेता. नुसत्याच उंबऱ्यापाशी बसल्या आणि समितीच्या बायकांना म्हणाल्या, "मी उपाशी आली वं, पाहा काय ते." मग बायका धावल्या. ही लबाडी चालली, पण ती ताई समोर असल्यामुळे चालली हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि मग त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, जिना बंद, जीप बंद. भोपाळहून मुलगी आली आणि जाहीर करून टाकलं, बरं वाटलं की आईला घेऊन जाणार. ताई पलंगावर पाय लांब करून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक पाजू लागल्या. मी गेले की पहिला प्रश्न, "कोणाचं गेलं काय वं?" मी नाही म्हटलं की मान हलवायच्या, पण चेहरा सुटायचा नाही.

मग फोन आला. सुभद्राबाईची तांबडी. पहिली गाय गेल्यावर निधीच्या पैशातून घेतलेली. सावनेरच्या बाजारात ताई स्वतः सुभद्राबाईबरोबर गेल्या होत्या, दात पाहिले, कास पाहिली आणि विकणाऱ्याशी इतकी घासाघीस केली की तो शेवटी दावं फुकट देऊन मोकळा झाला. तांबडी हे नावही ताईंनीच ठेवलं होतं.

मी ताईंना कळवलं नाही, धीरच झाला नाही. खालचा कप्पा उघडला, शेगडी पेटवली. माझी भाकरी म्हणजे विदर्भाचा नकाशा, त्यातही बुलढाणा करपलेला. पिठल्यात गुठळ्या. तसाच डबा भरला आणि जीपमध्ये बसले. सगळ्या वाटेत मी बाजेखालच्या पुडक्याचा विचार करत होते. कुणाची तरी बाज असेल, आणि मला तिथं उभं राहून काय बोलायचं ते सुचणार नव्हतं.

गावाच्या तोंडाशी फ्लेक्स नव्हता. शेताकडच्या वाटेवर रामदास दोन-तीन माणसांबरोबर आडवा उभा होता, हातात काठी. मी धास्तावले.

"तिकडं नका जाऊ मॅडम," तो म्हणाला. "ते पिल्लं घेऊन आली हाय. जेवू द्या तिले. आम्ही कोणाले जाऊ नाही देऊन राहिलो."

"आणि सुभद्राबाई?"

"घरी हाय ना. पैसे सकाळीच देले. बायको गेली घास घेऊन."

घरात रामदासची बायको आणि आणखी दोघीतिघी बसल्या होत्या. मधे परात, परातीत भाकरी, पिठलं. सुभद्राबाई जेवत होती, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हात चालू. मी उंबऱ्यापाशी बसले. माझा डबा उघडला तेव्हा सगळ्यांनी तो नकाशा पाहिला आणि कुणी काही बोललं नाही, हे त्यांचे उपकार. मला फार बरं वाटलं. इतकं बरं की मीही रडले.

निघताना सुभद्राबाईनं माझा चार पुडांचा डबा मागून घेतला, रिकामा करून धुतला आणि त्यात परातीतल्या दोन भाकऱ्या आणि पिठलं भरलं.

"हे बाईले दे."

मी गडबडले. दुखवट्याच्या घरचं अन्न दुसऱ्याच्या घरी नेत नाहीत, तेही नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला. मी तसं चाचरत म्हटलं.

"काहून नाही?" सुभद्राबाई म्हणाली. "तांबडी तिचीबी होती. आज तिच्या घरची चूल पेटाले नाही पाहिजे."

इंदोऱ्याला पोचले तेव्हा दिवे लागत होते. मुलगी स्वयंपाकाच्या तयारीत होती. ताईंनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि सगळं ओळखलं.

"कोणाचं?"

"तांबडी."

मी गावात पाहिलेलं सांगत गेले: वाट अडवून उभा असलेला रामदास, सकाळीच पोचलेले पैसे, परात. त्या "मंग?" एवढंच म्हणत होत्या. सांगून झाल्यावर मी डबा उघडला. कुणी पाठवला आणि काय म्हणून पाठवला, तेही सांगितलं. त्यांनी मुलीला हाक मारली, "गॅस बंद कर वं. आज आपल्या घरी नाही पेटत."

मग मांडीवर फडकं पसरलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिल्या. इतक्या वर्षांत हा घास त्यांनी कितीजणांच्या हातावर ठेवला, पण त्यांच्या हातावर कुणी ठेवल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

मी मिठाची बरणी आणायला उठले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा भिजला होता आणि दुसरा घास तोंडात होता. त्यांनी हातानंच बरणी बाजूला सारली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

दोन्ही भाकऱ्या त्यांनी संपवल्या, मुलीला अर्धी देऊन. पुढच्या आठवड्यात त्या भोपाळला गेल्या. जाताना चार पुडांचा डबा मागितला नाही, आणि मीही दिला नाही. मी तो सालईखेड्याला नेऊन दिला; आता तो सुभद्राबाईच्या फळीवर असतो.